राजाने खाल्लेला उकिरडा

"हा सगळा उकिरडा दिवाळीपर्यंत मी खाल्लेला असला पाहिजे. जाळायचा नाही, गडाबाहेर न्यायचा नाही. नाहीतर तुम्ही सातही जणी मिठागरावर!"

थळगडच्या राजा भोमसिंहांनी हा हुकूम सोडला, तेव्हा ते शिळ्या कढीत बसलेले होते. आणि तो त्यांनी सोडला माझ्यामुळे.

मी धापू, मुदपाकखान्यातल्या सात भांडीवाल्यांपैकी एक. आमच्या वाळवंटात मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव धापू ठेवतात. म्हणजे, पोट भरलं, आता पुरे. मी पाचवी. आईबापांना थांबायचं कळलं, माझ्या जिभेला कळलं नाही.

राजांच्या ताटात रोज बत्तीस पदार्थ असत आणि ते खात दोन. राजाचं उष्टं माणसाने खायचं नाही असा जुना नियम, त्यामुळे उरलेलं सगळं मागच्या अंगणात जाई. उकिरडा तटाशी स्पर्धा करू लागला होता. वैशाखात एके दिवशी राजांचा ससाणा उडाला, त्याच्यामागे राजे अंगणात आले आणि सपशेल घसरले. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. बाकीच्या सहा जणींनी शहाण्यासारखं जमिनीकडे पाहिलं. मी म्हणाले, "महाराज, आपण नीट जेवला असतात, तर घसरला नसतात."

त्यावर तो हुकूम झाला.

मिठागरावर गेलेल्या बाईचे पाय दोन वर्षांत फुटतात. सहाही जणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मीही माझ्याशी बोलत नव्हते.

तरी डोकं चालवलं. शिळे लाडू फोडून, तुपात परतून, नवे वळून पाठवले. आचाऱ्याने एक चाखला आणि डाव फेकून मारला. मग शेळी आणली, की तिने उकिरडा खावा आणि राजांनी तिचं दूध प्यावं. शेळीने उकिरडा हुंगला आणि माझ्या ओढणीचा घास घेतला.

तिसरा उपाय मी केलाच नाही, तो आपोआप झाला. भांड्यांचं पाणी लांबच्या मोरीत ओतायचं काम माझं होतं. मी आळशी, म्हणून ते उकिरड्यावरच ओतायचे. उंटांचं शेणही तिथेच लोटायचे. दोन महिन्यांत त्या कडेचा ढीग खाली बसला, काळा झाला, घाण येईनाशी झाली आणि त्यातून मतीऱ्याचा वेल वर आला. मतीरा म्हणजे आमच्याकडचं वाळूतलं कलिंगड. वेल कुणी लावला म्हणून मी चार दिवस विचारत हिंडले.

शेवटी आमच्यातली थोरली, गवराबाई, माझ्याशी बोलली. म्हणाली, "अगं बाई, तुझ्या आळसाने लावलाय तो!"

मग सातही जणी कामाला लागलो. एक थर खरकट्याचा, एक शेणाचा, वर भांड्यांचं पाणी आणि उन्हासाठी जुनी पोती. आठवड्याला ढीग वरखाली करायचा. तयार झालेलं काळं खत अंगणातल्या वाळूत कालवलं. जी वाळू घागरभर पाणी ओतता ओतता गिळून टाकायची, ती आता संध्याकाळपर्यंत ओली राहू लागली. त्यात मतीऱ्याचं बी टोचलं. दिवाळीला ढीग संपला होता आणि अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी फळं.

दिवाळीच्या सकाळी राजांच्या ताटात मतीरा गेला. त्यांनी तीन फोडी खाल्ल्या आणि चौथी घेऊन दरबारासकट थेट मागच्या अंगणात आले. आधी पायाखाली पाहिलं, मग आजूबाजूला. उकिरडा कुठे नेला, असं त्यांनी विचारलं. पहारेकऱ्यांनी शपथेवर सांगितलं, की गडाबाहेर मूठभरही गेलेला नाही.

"मग गेला कुठे?"

मी म्हणाले, "तीन फोडी पोटात, चौथी हातात."

"हा मतीरा आहे. मी खरकटं खायचं म्हटलं होतं."

"महाराज, सांडणी काटे खाते आणि आपण तिचं दूध पिता. त्या दुधात कधी काटा टोचला?"

राजांना हरायची सवय नव्हती. त्यांनी चौथी फोड शेवटपर्यंत खाल्ली, उरलेली साल माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "बरं. उकिरडा सगळा खाल्ला म्हणतेस, तर ही काय उरली? ही कोण खाणार?"

मी साल घेतली, पोत्याखालच्या नव्या ढिगात टाकली आणि म्हणाले, "आपणच, महाराज. पुढच्या दिवाळीला."

राजे इतके हसले, की त्यांना तटाला टेकावं लागलं. त्यांनी आम्हा सातजणींना विहिरीलगतची सात शेतं दिली आणि मला हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. ते स्वतःच घालणार होते, पण माझे शेणाने माखलेले हात पाहून त्यांनी ते दुरूनच ओढणीत टाकलं.

ओढणीला शेळीने पाडलेलं भोक होतं. कडं शोधायला सगळा दरबार वेलींत वाकला.