उद्याचं पान

"बाबा, एकदा बघितलेलं विसरायचं कसं?"

शार्दूलची एक चप्पल अजून पायातच होती. टेकडी चढून धाप लागलेली, आणि आल्या आल्या हा प्रश्न.

बाळनाथबाबा मठाच्या ओसरीवर वाकळेला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय बघितलंस?"

"शेवट. बहिणीच्या खेळाचा."

धाकट्या ऋजुताने आठ महिने खपून एक व्हिडिओ गेम बनवला होता. पहिला खेळाडू म्हणून तिने निवडलं दादाला. अट एकच, काही म्हणजे काही माहीत नसताना खेळायचं. माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो, तेच तर तिला बघायचं होतं.

आता दादा म्हणजे गावभर गाजलेला गेमर! धाकटीसमोर अडायचं? छे! ती आंघोळीला गेली तेवढ्यात या पठ्ठ्याने तिच्या कॉम्प्युटरातल्या फायली उघडल्या. किल्ल्या, दारं, शेवट, सगळं वाचून काढलं. मग बसला खेळायला, आणि वीस मिनिटांत खेळ खलास. एकदाही अडला नाही.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, वीस मिनिटांत संपला? मग यात काही दमच नाही. आणि आता म्हणते, आज संध्याकाळी सगळा पुसून टाकणार आहे. दोन दिवस धड जेवली नाही, बाबा."

"आणि तू खरं सांगितलंस?"

शार्दूल पायातली चप्पल जमिनीवर घासू लागला.

बाबांनी दाताने दोरा तोडला.

शार्दूलला एका जागी बसवेना. समोर चौरंगावर पोथी होती. हाताला चाळा म्हणून त्याने पानं उलटली आणि सरळ शेवटचा अध्याय काढला. फटकन हातावर चापट बसली.

"उद्याचं पान आज उघडायचं नाही. इथला रिवाज आहे."

"चाळीस वर्षं हीच पोथी वाचताय. शेवट पाठ असेल तुम्हाला!"

"आहे की. तरी दर वेळी छातीत धडधडतं... देव आज वेळेवर पोचतोय की नाही."

शार्दूल वैतागला. "मला नाही जमत तसं. ते शेवटचं दार डोळ्यांपुढून हलतच नाही. त्या दारामागे ती मुलगी..."

बाबांनी सुई खाली टाकली आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

"शेवट सांगू नकोस रे! मला खेळायचाय तो."

"तुम्हाला? बटणं तरी ठाऊक आहेत का?"

"एकही नाही."

शार्दूलने कपाळावर हात मारला. ऋजुताला असाच माणूस हवा होता, आणि आपण त्या जागेवर खोटेपणाने जाऊन बसलो, हे त्याला आत्ता कुठे नीट कळलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पण ती पुसून टाकेल हो!"

"मग सांग तिला, म्हातारा खेळायला येतोय. आणि का येतोय, तेही सांग."

त्याने फोन काढला. नंबर लावला. रिंग वाजायला लागली तसा तो ओसरीवर येरझाऱ्या घालू लागला, एक चप्पल फटफटवत.

"उचलणार नाही ती."

रिंग वाजतच होती...

"आणि उचललाच, तर माझं ऐकून काय म्हणेल तेही मला माहीत आहे. म्हणेल, दादा, आजपासून तू मला..."

बाबांनी पुन्हा कानांत बोटं घातली.

"अरे, शेवट सांगू नकोस म्हटलं ना!"