पाठीवरचा डाग

वस्तू आपसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. सुमतीकाकूंच्या स्वयंपाकघरात दूध, तूप, अंडी येतच नसत. शिरा त्या नारळाच्या दुधात करत आणि केक नीट बांधला जावा म्हणून पिठात शिजवलेल्या सफरचंदांचा गर घालत.

सुरी खणखणली की टोपलीतली सफरचंदं जीव मुठीत धरून बसत. सगळ्यांत भित्रं होतं एक लालबुंद सफरचंद. त्याच्या पाठीवर नखाएवढा डाग होता.

सुरी म्हणाली, “डाग दाखव. तेवढाच काढते. बाकीचं तू केकात जाशील.”

सफरचंदाला वाटलं, डाग दिसला तर काकू आपल्याला उकिरड्यावर फेकतील. ते शेजारच्याला म्हणालं, “जरा जवळ सरक ना, थंडी वाजते.” आणि डाग त्याच्या अंगाला टेकवून बसलं.

काही दिवसांनी नातीच्या वाढदिवसाला काकूंनी टोपलीत हात घातला. बोट आत रुतलं. दुसरं उचललं, तेही मऊ. तिसरंही तसंच. काकूंनी अख्खी टोपलीच उचलली आणि उकिरड्याकडे निघाल्या.

“सुरीताई, आता काप गं मला,” सफरचंद कळवळलं.

सुरी हळूच म्हणाली, “कुठून कापू? तेव्हा डाग कुठे संपतो ते दिसत होतं.”