डावा पाय

शनिवार, दुपारी एक. वसईतल्या एका चर्चमागची ओटी. म्हातारे फादर इनास लोपीस बाकावर बसलेले. समोर रेमंड तुस्कानो, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यातला सुपरवायझर. दोनला त्याची पाळी सुरू होणार होती. मी बाजूला बसलो होतो. कानांवर पडलं तेवढंच लिहितो.

“फोटो पाहिलात की नाही, फादर?”

“पाहिला.”

“बारा कामगारांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, सगळ्यांसमोर, गुडघ्यांवर बसून! आमच्या औद्योगिक वसाहतीत आजवर कुठल्या सुपरवायझरनं धुतलेत, सांगा?”

फादरांची नजर त्याच्या बुटांवर गेली.

“मी कामावर शिवी देत नाही. आवाज चढवत नाही. बाकीचे सुपरवायझर टोमणे मारतात, आले बघा संत तुस्कानो! हसू देत.”

“लहानूही होता फोटोत.”

“लहानू वरठा! साखळीवरून साचा सुटला, पायाची बोटं गेली ना, तोच. त्याला मुद्दाम घरून रिक्षानं आणवलं. रडला बिचारा.”

“त्याचा कुठला पाय धुतलास?”

“उजवा. सगळ्यांचा उजवाच. तुम्ही चर्चमध्ये धुता तसा.”

“आणि डावा?”

“डाव्याला... पट्टी होती, फादर.”

फादर उठले. आतून घमेलं आणि तांब्या घेऊन आले. बाकाला धरून कसेबसे खाली बसले आणि रेमंडचा डावा बूट ओढून काढला.

“अहो फादर, हे काय...”

“जड आहे रे.”

“सेफ्टी शूज. पुढं पोलाद असतं. वरून साचा पडला तरी बोटं शाबूत.”

“लहानूच्या पायात काय होतं?”

“...चप्पल. कंपनी हे फक्त सुपरवायझरना देते.”

“मालकांशी बोलला नाहीस?”

“बोललो होतो, एकदा. म्हणाले, बघू. मी मान खाली घातली. वाद घातला नाही. नम्रता, फादर...”

फादर पायावर पाणी ओतत राहिले.

“लहानूच्या जागी आता कोण?”

“त्याचा भाऊ. सोमा.”

“त्याच्या पायात?”

फादरांनी रेमंडचा पाय पुसला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एकेक बोट. मग तो बूट काखोटीला मारला आणि आत निघाले.

“फादर! दोनला पाळी आहे. एका बुटात कसा जाऊ? सगळे हसतील!”

“हसू देत.”

“पण बूट...”

“मालकांकडे माग,” दारातून फादर म्हणाले. “आधी सोमाचे. मग तुझा.”

हे छापायला देण्याआधी मी कारखान्यात फोन केला. सोमा अजून चपलेतच साच्याखाली उभा राहतो. का, ते कुणीही सांगितलेलं नाही.