खारीची ओंजळ आणि करवंटी

फार जुनी गोष्ट; तळ्याकाठची की ओढ्याकाठची, नक्की आठवत नाही. तिथल्या बाजारात खार आपल्या ओंजळीने मोजून शेंगदाणे विकायची. दूरदेशीची बदकं मात्र काही न घेताच उडून जायची आणि दाण्यांना कीड लागायची.

"खारूताई, तुमची ओंजळ केवढी, आम्हाला काय ठाऊक?" एक बदक म्हणालं. "सगळ्या तळ्यांवर करवंटीचं माप चालतं."

"अगंबाई! माझ्या शंभर ओंजळी करवंटीने दहाच भरतील. अब्रू जाईल माझी!"

"मग अब्रूच विका!" शेजारचा कावळा हसला.

खारीने धीर करून करवंटी धरली. दुपारपर्यंत ढीग संपला. बदकं दाणे घेऊन झुडपामागे का गेली, ते मात्र तिला कळेना.

कित्येक वर्षांनी तिने विचारून खात्री करून घेतली. तिथे त्यांनी आपल्या करवंटीने दाणे पुन्हा मोजले होते, आणि माप तंतोतंत भरलं होतं.