वारुळावरची फरशी

लहानपणी आमच्या वस्तीबाहेर तेलाचा घाणा दिवसभर कुरकुरायचा. पुढे तो बंद पडला, शेजारी इमारती आल्या, आणि घाण्यामागच्या वारुळापाशी एक दिवस घूस आली.

"किती दिवस या ओल्या मातीत राहणार?" ती मुंग्यांना म्हणाली. "वारूळ मी पाडते. त्याच जागी जमिनीखाली ऐसपैस खोल्या आणि वर गुळगुळीत फरशी करून देते. अर्ध्या खोल्या तेवढ्या माझ्या."

म्हातारी मुंगी म्हणाली, "घूसबाई, नागपंचमीला बायका वारूळ पुजायला येतात. त्यांनी वाहिलेल्या लाह्यांवर आमचा पावसाळा निघतो. वारूळच नसलं तर त्या येतील कशाला?"

"आजी, पूर्वी गल्लीतल्या बायका चालत यायच्या. आता लिफ्टने उतरून येतील."

"आजीला चांगलं काही दाखवूच नका," तरुण मुंग्या हसल्या, आणि सगळ्यांनी होकार दिला.

घूस शब्दाला पक्की निघाली. खोल्या ऐसपैस झाल्या, फरशी आरशासारखी झाली.

पंचमीला मुंग्या सकाळपासून फरशीच्या फटीशी वाट पाहत बसल्या. दरवर्षी पूजेला येणाऱ्या मालनकाकू दूध-लाह्यांचं ताट घेऊन आल्या. वारूळ कुठे दिसेना, म्हणून त्या फरशीवरच घुटमळल्या.

"काकू, आम्ही इथेच आहोत, तुमच्या पायाखाली," मुंग्या फटीतून ओरडल्या.

"हळू बोला," घूस म्हणाली. "चांगल्या वस्तीत कोणी ओरडत नाही."

एवढ्या स्वच्छ फरशीवर लाह्या सांडू नयेत म्हणून काकूंनी ताट पदराने झाकलं, आणि त्या निघून गेल्या.