डिकीतला कूलर

अकोल्याच्या कुमुदकाकूंना शेजारच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. शेजारचा निनाद शर्यतीच्या गाडीसाठी कूलर आणायला निघालाय म्हटल्यावर त्या त्याच्याआधी गाडीत जाऊन बसल्या. मागच्या शर्यतीत इंजिनाचं तेल तापून गाडी अर्ध्यात बंद पडली होती. रविवारी पुन्हा तसंच झालं, तर निनादचं नाव संघातून कापलं जाणार होतं.

दुकानदार देवतळे स्वतःला गाड्यांचे धन्वंतरी समजत. त्यांनी सगळ्यात मोठा कूलर काढून समोर ठेवला. काकू चक्रावल्याच.

"यात पाणी कुठून टाकायचं जी? अन् वाळा कुठे आहे?"

देवतळे खो खो हसले. "काकू, हा खोलीचा कूलर नाही. यातून इंजिनाचं तेल फिरतं, अन् गाडी पळताना लागणाऱ्या वाऱ्यानं ते थंड होतं. तुम्हाला नाही कळायचं ते." मग ते निनादकडे वळले. "मोठाच घे. गाडीच्या समोरच्या जाळीमागे मावणार नाही, पण आपण डिकीत बसवून टाकू."

निनाद मान डोलावू लागला. काकूंचा गोंधळ मात्र आणखीच वाढला.

"पण साहेब, वाऱ्याशिवाय तेल थंड होत नाही म्हणता ना?"

"किती वेळा सांगू?"

"तसं नाही बाप्पा. डिकी तर बंद असते. मग रविवारी आत बसून फुंकर तुम्ही घालणार काय?"

दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. देवतळ्यांनी मोठा कूलर उचलून बाजूला ठेवला आणि जाळीमागे मावेल असा लहान कूलर निनादच्या हातात दिला.