एका चुलीची कपार

ही हकिकत मी लहानपणी ऐकली तशीच सांगतो आहे, की पुढच्या वाचनाची भर तिच्यात पडली आहे, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. चूकभूल असेल. पण कपार तुमच्यासमोर आहे, ती तरी खरी. आत शिरताना मान लववा, छत ठेंगणे आहे.

कार्तिक पौर्णिमेला आमच्या मोहरगावात एकाही घरात चूल पेटत नाही. सारा गाव इथे येतो, ओळीने बसतो आणि एकाच चुलीवरचे जेवतो. ती चूल अगदी आतल्या टोकाला आहे, जिथे धड उभेही राहता येत नाही. दाराशी, उजेडात का नाही मांडली, असे प्रत्येक पाहुणा विचारतो.

असे सांगतात की एकदा कुठल्याशा फौजेच्या भीतीने गाव या कपारीत लपला. कुणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी धोंडा लोटला, आणि त्या हादऱ्याने वरचा कडाच खाली आला. वाट बुजली. मिठाचे बैल घेऊन गावात उतरलेला चैना नावाचा एक लबाणा, म्हणजे बंजारा, व्यापारीही त्यांच्यात अडकला. तो पंजाबकडचा, नानकबाबांच्या शिष्यांपैकी होता, म्हणे.

आत ज्वारी होती, दळायची जाती होती, गोवऱ्या होत्या, भिंतीतून पाणी झिरपत होते. लोकांनी अंधारातही गावासारखीच मांडणी केली. पाटील मध्यावर, बाकीचे आपापल्या जागी, आणि गावकुसाबाहेरच्या यल्लाईचे कुटुंब पार आतल्या टोकाला, जिथे गार वारा अंगावर यायचा. कुणी कुणाच्या हातचे खाणार नव्हते, म्हणून घरटी वेगळी चूल मांडली गेली. साऱ्या चुली एकदम पेटल्या आणि धूर खाली उतरला.

माणसे जमिनीला तोंड लावून श्वास घेऊ लागली. धोंड्यांवर हात सोलवटले, पण ते हलेनात. पाटलांची सून सगुणा ओली बाळंतीण होती. तिचे मूल आधी रडले, मग खोकले, मग त्याचा आवाजच बंद झाला.

"एकच चूल ठेवा, बाकीच्या विझवा," चैना म्हणाला.

"कुणाची ठेवायची?" सूर्याजी पाटलांनी विचारले.

"माझी ठेवा," तेली म्हणाला. "फोडणीला तेल तरी मिळंल."

"मेल्या, मरताना बी धंदा सुचतोय व्हय?" कुणीतरी खोकत म्हणाले.

चैना चाचपडत आतल्या टोकाला गेला आणि तिथूनच ओरडला, "ह्या माईची ठेवा! इथला धूर वर जातो. छताला फट आहे."

यल्लाईची चूल! पाटील म्हणाले, "त्यापेक्षा मेलेलं बरं."

तेव्हा चैनाने आपल्या नानकबाबांचे सांगितले, म्हणे. बाबा मुलूखभर हिंडले आणि अखेर रावीच्या काठी शेती करू लागले. हाताने राबायचे, नाम घ्यायचे आणि पिकेल ते वाटून खायचे. जो येईल तो ओळीत बसायचा. "पंगतीत कुणाला जात विचारली नाही," तो म्हणाला. "आणि तिथं तर, पाटीलबाबा, मोकळी हवा होती."

पाटील हलले नाहीत. सगुणा मात्र उठली. पाण्याची घागर तिने सासऱ्याच्या चुलीवर पालथी केली. नांदत्या घराची चूल अशी विझवणे म्हणजे घरात मर्तिक बोलावणे.

"सूनबाई, घराला सुतक लावलंस."

"मामंजी, लेकराचं त्वांड निळं पडलंय. ही चूल ऱ्हायली तर सुतक खरंच यील."

मग एकेक चूल फुसफुसत विझली. कपारीत काळोख झाला. आतल्या टोकाला तेवढा एक लालसर उजेड उरला आणि हळूहळू त्याच्या दिशेने धूर ओढला जाऊ लागला. मूल पुन्हा रडले. ते रडणे ऐकून बायका हसल्या, असे सांगतात.

यल्लाईने भाकरी थापल्या. लोक ओळीने बसले. पाटील तेवढे भिंतीकडे तोंड करून राहिले. सगुणेने भाकरी खाल्ली, मुलाला पदराखाली घेतले आणि दूध उतरले. मूल चुटूचुटू प्यायला लागले, तो आवाज पाटलांनी ऐकला. ते वळले. ओळीत जागा उरली होती ती थेट चुलीजवळची. तिथे जाऊन त्यांनी यल्लाईपुढे हात पसरला.

"कोरडीच हाय, धनी," ती म्हणाली.

"वाढ, बाई."

पोटात अन्न पडल्यावर माणसांच्या हातांत बळ आले. ती फट खणून रुंद केली, दगड ओळीतून हातोहात मागे सरकवले आणि पहिल्यांदा सगुणेला मुलासकट वर काढले. बाळबाळंतीण उजेडात आली, तो कार्तिक पौर्णिमेचा दिवस होता. चैनाच्या बाबांचा जन्मोत्सवही त्याच दिवशी करतात. हा मेळ खरा की मागाहून कुणी घातलेला, मला ठाऊक नाही.

तोंडावरचे धोंडे गावाने मागाहून फोडून काढले. आजही यल्लाईच्या वंशातली बाई चूल पेटवते आणि पाटलांच्या घरचा माणूस ओळीत शेवटी, चुलीला लागून बसतो.

मी मात्र बरीच वर्षे साशंक होतो. निवृत्तीनंतर एकदा ओलसर गोवऱ्या घेऊन एकटाच आत आलो. खणलेली वाट फळ्यांनी झाकली, फक्त फटीएवढी जागा ठेवली आणि दारावर घोंगडी टाकली. दाराशी गोवरी पेटवली, मध्यावर पेटवली. दोन्ही वेळा धूर छताला लागून माझ्याच तोंडावर परतला आणि मी खोकत बाहेर पळालो. मग आतल्या टोकाला पेटवली. धूर सरळ वर गेला.